रत्नानं गाळलेला शब्द

माझ्या नाकावर राग असतो, हे शेडमध्ये कोणालाही विचारा. जयपूरच्या लोको शेडमध्ये मी अठरा वर्षांपासून फिटर आहे. एवढ्या वर्षांत पाच फोरमन बदलून गेले, कितीक इंजिनं भंगारात निघाली, माझा राग मात्र जागचा हलला नाही. तेव्हा पंच्याऐंशीच्या जुलैत मी जयंती मॅडमच्या दाराची कडी वाजवली, ती काही गोडीगुलाबीनं वाजवली नव्हती.

हातात एक कागद होता. माझी पोरगी रत्नमाला नववीत होती. तिच्या शाळेत मुलींची गाइडची तुकडी होती, त्यात तिचं नाव नुकतंच घातलं होतं. पंधरा ऑगस्टला झेंड्यापुढे उभं राहून एकेकीनं प्रतिज्ञा घ्यायची, मग मॅडम बिल्ला लावणार अन् मगच ती पक्की गाइड होणार, अशी रीत. प्रतिज्ञा पाठ करायला म्हणून हा कागद घरी आला होता. त्यावर हिंदीत लिहिलं होतं, की मी यथाशक्ति ईश्वर अन् आपल्या देशाप्रति आपलं कर्तव्य करीन. देशाचं ठीक आहे. देशासाठी माझी पोरगी काय वाटेल ते करेल. पण देशाच्या आधी हा ईश्वर कोठून येऊन बसला?

जयंती मॅडम त्याच शाळेत शिक्षिका अन् त्या तुकडीच्या प्रमुख. मराठी बाई, साताऱ्याकडच्या. नवरा विम्यात साहेब, बदली होऊन आलेले, बनी पार्कात भाड्याच्या घरात राहत होते.

"अहो रामटेके, या ना. आधी बसा तर. चहा टाकू?"

"चहा नको. हे काय आहे?" मी कागद पुढे केला. "आम्ही बौद्ध आहोत, मॅडम. माझी पोरगी कोण्या ईश्वराच्या नावानं प्रतिज्ञा घेणार नाही. देशाची घेईल. घ्यायची तर घ्या, नाहीतर नाव कापा."

बाई आत गेल्या अन् एक छोटं पुस्तक घेऊन आल्या. नियमांचं पुस्तक होतं. पान काढून त्यांनी खालची बारीक ओळ दाखवली. ज्याला ईश्वर म्हणायचं नसेल त्यानं त्या जागी 'धर्म' म्हणावं, असं तिथं छापलेलं होतं.

मी वाचलं. पुन्हा वाचलं. खरं सांगतो, मला थोडं वाईटच वाटलं. काय काय बोलायचं ते अर्धा तास सायकलवर ठरवत आलो होतो, घटनेचं कलमसुद्धा पाठ करून आलो होतो, अन् बाईनं भांडायला जागाच ठेवली नाही. मग मी मुकाट्यानं चहा घेतला.

"धर्म चालेल," मी म्हणालो. "आमच्यासाठी तोच मोठा."

"चालेल की. पण तुम्ही रत्नमालाला विचारलंत का?"

"तिला काय विचारायचं? माझी पोरगी आहे."

बाई कपबशी उचलून आत घेऊन गेल्या.

तुम्हाला वाटेल, एका शब्दासाठी हा माणूस एवढा काय उसळतो. तर ऐका. छप्पन साली मी दहा वर्षांचा होतो. माझा बाप भीमराव नागपूरला कापडाच्या मिलमध्ये होता. दीक्षेच्या दिवशी त्यानं मला पांढरा सदरा घातला, हात धरून नेलं, अन् त्या लाखो माणसांत आम्ही दोघांनी हात जोडून प्रतिज्ञा घेतल्या. घरी आल्यावर त्यानं देव्हाऱ्यातले सगळे देव एका फडक्यात बांधले अन् नाग नदीत सोडून आला. माय दारात बसून रडत होती. बाप मला समोर उभं करून म्हणाला, "बळवंता, आजपासून जे मनात नाही ते या तोंडातून निघालं नाही पाहिजे. कोण्या देवाचं नाव घेऊन भीक मागायची नाही अन् शपथ खायची नाही. दे वचन." मी दिलं. बाप मरणाला टेकला तेव्हाही त्यानं मला तेच एक विचारलं होतं. तो शब्द माझ्या पोरीच्या तोंडून मोडू द्यायचा नव्हता. माझं म्हणणं एवढंच होतं.

अन् घरात तेव्हा दुसरं काही उरलंही नव्हतं. माझी बायको सुलोचना एप्रिलमध्ये गेली होती. पोटात गाठ निघाली. दिवाळीनंतर डॉक्टरनं मला एकट्याला बाजूला घेऊन सांगितलं, की सहा महिने धरून चला. मी ते पोटात ठेवलं. सुलोचनालाही सांगितलं नाही, पोरीलाही नाही. मरणाची तारीख ऐकून कोणी जगते का, असं माझं म्हणणं. डॉक्टरनं सांगितलं होतं त्याच्या आसपासच ती गेली.

त्यानंतर रत्ना घरात कामापुरती बोलायची. "बाबा, पीठ संपलं." "बाबा, नळ गेला." चौदा वर्षांची पोट्टी, पण चाळीस वर्षांच्या बाईवाणी वावरायची. पोळ्या मी लाटायचो, भाजी ती करायची, दोघं खाली मान घालून जेवायचो. म्हणून मॅडमनी तिला गाइडमध्ये ओढलं तेव्हा मला बरंच वाटलं होतं. चार पोरींत राहील, हसेल-बोलेल. तिचा निळा ड्रेस मीच हौसेनं शिवून आणला होता.

तर रोज ड्यूटीवरून आलो, अंघोळ केली, की मी खाटेवर बसायचो अन् तिला समोर उभी करायचो.

"हां, म्हण."

ती तीन बोटं वर करून म्हणायची, "मैं मर्यादापूर्वक प्रतिज्ञा करती हूँ कि मैं यथाशक्ति..." अन् इथं येऊन अडायची. मग हळूच "धर्म" म्हणायची अन् पुढचं सगळं एका दमात संपवायची.

"अडखळून काहून राहिली वं? तिथं काय खातीपुऱ्याचं रेल्वे फाटक लागते का?"

तिची माय असती तर या बोलण्यावर हसली असती. रत्ना हसली नाही. पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागली, पुन्हा तिथंच अडली.

एका संध्याकाळी तिनं विचारलं, "बाबा, प्रतिज्ञा खोटी घेतली तर काय होते?"

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! एवढ्या दिवसांत तिनं स्वतःहून काही विचारलं होतं. मी मांडी घालून बसलो अन् भाषणच ठोकलं. "हे पाह्य बाई, वरून कोणी पाहत बसलेलं नसते. पाप-बिप काही लागत नाही. पण माणूस आपल्याच नजरेतून उतरते. ज्याचा शब्द खोटा, तो माणूस संपला. खाते-पिते, कामावर जाते, पण संपला."

"अन् मनात काय आहे हेच पक्कं नसलं तर? मतलब, हे पण नाही अन् ते पण नाही?"

"तर गप्प राहावं. खोटं बोलण्यापेक्षा गप्प राहिलेलं कधीही बरं."

तिनं मान हलवली. मी मनात म्हणालो, पोरगी आजोबावर गेली. त्या रात्री मला बरेच दिवसांनी चांगली झोप लागली.

पंधरा ऑगस्टला शाळेच्या मैदानावर मांडव घातला होता. रेल्वेचे मोठे साहेब येणार होते. आदल्या वर्षी देशात पंतप्रधानांचा खून, दंगली, जे झालं ते झालं, त्यामुळे त्या साली एकतेच्या गोष्टी जरा जास्तच चालू होत्या. भिंतीवर पोरांनी रंगीत खडूनं सगळ्या धर्मांची चिन्हं काढली होती. आमचं चक्रही होतं, मी मुद्दाम जाऊन पाहून आलो. मग इस्त्रीचा पांढरा शर्ट सावरत पुढून तिसऱ्या रांगेत बसलो. शेजारची खुर्ची मी का कोण जाणे, हात ठेवून धरून ठेवली होती. एक बाई आली अन् म्हणाली, "कोई आ रहा है क्या?" मी हात काढला. म्हणालो, "नहीं जी, बैठो."

झेंडा झाला, भाषणं झाली. मग गाइडच्या अकरा पोरी पुढे आल्या. एकेकीनं माइकसमोर यायचं, डावा हात तुकडीच्या झेंड्याला लावायचा, उजव्या हाताची तीन बोटं वर करायची अन् प्रतिज्ञा म्हणायची. जयंती मॅडमच्या बाजूला एकजण बिल्ल्यांची ताटली घेऊन उभी होती. सहा जणी झाल्या. सगळ्यांनी ईश्वर म्हटलं. सातवी रत्ना.

बापा रे, मला तर वाटलं, मलाच उभं केलं आहे.

"मैं मर्यादापूर्वक प्रतिज्ञा करती हूँ," तिचा आवाज स्पष्ट होता, "कि मैं यथाशक्ति..."

अन् ती थांबली. मी खुर्चीवरून ओठ हलवले. धर्म. म्हण ना, धर्म. लाउडस्पीकर घूं घूं करत होता. ती समोर कुठंतरी पाहत होती. माझ्याकडे नाही, साहेबांकडे नाही.

"...और अपने देश के प्रति अपने कर्तव्य का पालन करूँगी," असं म्हणून तिनं पुढचं सगळं पूर्ण केलं. त्या शब्दाची जागा तशीच मोकळी ठेवली.

मला वाटलं, वा! पोरीनं बापाच्याही पुढची मजल मारली. नियमानं उपकार केल्यासारखा दिलेला तो दुसरा शब्दसुद्धा तिनं घेतला नाही. देश म्हणजे देश, त्याच्या आधी कोणी नाही. मी उठून उभा राहिलो अन् एकट्यानं टाळ्या वाजवल्या. "शाब्बास!" म्हणालो. "जय भीम!" म्हणालो. सगळे वळून पाहायला लागले. पाहू द्या, म्हटलं.

तिकडे मॅडम वाकून रत्नाच्या कानात काही बोलल्या. रत्नानं मान हलवली. मॅडम पुन्हा बोलल्या. रत्नानं पुन्हा नाही म्हणून मान हलवली. मग मॅडमनी हातातला बिल्ला परत ताटलीत ठेवला. रत्ना सलाम करून बिल्ल्याशिवाय रांगेत जाऊन उभी राहिली, अन् आठव्या पोरीचं नाव पुकारलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोरी ओलांडून मी सरळ पुढे गेलो. सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत ओरडलो, "जिसके मुँह में ईश्वर नहीं, उसका देश भी नहीं क्या? यही लिखा है संविधान में?"

 साहेब घड्याळाकडे पाहायला लागले. मॅडम माझ्याजवळ आल्या अन् हळू आवाजात म्हणाल्या, "रामटेके, असं करू नका. मी तिला म्हटलं, धर्म म्हण, बिल्ला लावते. दोनदा म्हटलं. ती नको म्हणाली. तुम्ही तिलाच विचारा."

"तुम्हीच तिला धाकात ठेवलं असेल! मला तुमची जात माहीत आहे."

हो, बोललो. लपवत नाही. ज्या बाईनं माझी बायको गेल्यावर आठ दिवस आमच्या घरी डबा पाठवला, तिला मी तीनशे लोकांसमोर असं बोललो. बाईचा चेहरा पार उतरला. मी रत्नाचा हात धरला, सायकलच्या कॅरिअरवर बसवलं अन् निघालो. 

घरी येऊन मी कागद-पेन घेऊन बसलो. तक्रार लिहायची होती. एक प्रत शाळेच्या वरच्या ऑफिसला, एक युनियनला, एक पेपरला. माझी हिंदी अर्जापुरती पक्की आहे. लिहिलं, की माझी कन्या बौद्ध असल्या कारणानं सदर शिक्षिकेनं तिला धमकावलं अन् ईश्वराचं नाव घेतलं नाही म्हणून बिल्ला नाकारला, तरी सदर शिक्षिकेवर कडक कारवाई व्हावी. 'कडक' खाली रेघ मारली.

रत्नानं ड्रेस बदलून खिचडी टाकली होती. हात पुसत ती माझ्या मागे येऊन उभी राहिली अन् वाचायला लागली.

"बाबा, हे नका लिहू."

"काहून? भेते का त्यांना?"

"हे खोटं आहे. मॅडम म्हणाल्या, धर्म म्हण. मीच नाही म्हटलं."

"तेच तर! म्हणून तर माझी छाती फुगली. पण बिल्ला द्यायला नको का त्यांनी?"

"तुम्हाला वाटते तसं नाही आहे, बाबा." ती खाली फरशीवर बसली. बराच वेळ पदराशी खेळल्यासारखं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "मी बालाजीला जात होती."

मला कळलंच नाही. "कोण्या बालाजीला?"

"फाटकाजवळच्या, हनुमानाच्या मंदिरात. आई बीमार पडली तेव्हापासून. दर मंगळवारी, शाळा सुटल्यावर. वाहायची काही नाही, फक्त हात जोडून उभी राहायची अन् म्हणायची, आईला ठीक कर."

माझा हात उचलला गेला. खोटं कशाला सांगू, उचलला गेला. रत्ना मागे सरली नाही, डोळे मिटले नाहीत, नुसती माझ्याकडे पाहत राहिली. मग मीच हात खाली घेतला अन् खाटेची कड धरली.

"आईला माहीत होतं?"

"हो. आई म्हणाली, बाबांना नको सांगू. त्यांनी आजोबांना वचन दिलं आहे, त्यांचा जीव तुटेल."

म्हणजे माझ्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये या दोघी माझ्यापासून लपून होत्या. एक मरत होती, एक तिच्यासाठी भीक मागत होती, अन् दोघींना काळजी माझी.  मी म्हणालो, "मग आज ईश्वर म्हणायचं होतं ना. मनात तेच होतं तर. माझ्या धाकानं नाही म्हटलं का?"

"तुमच्या धाकानं असतं तर धर्म म्हटलं असतं."

ते खरंच होतं.

"मग?"

"मी जाणं सोडून दिलं होतं. जानेवारीत."

"काहून सोडलं?"

"तुम्ही म्हटलं म्हणून."

"मी? मला तर आत्ता कळून राहिलं!"

"सव्वीस जानेवारीला," ती म्हणाली. "आईनं रात्रभर उलट्या केल्या होत्या. मी मोरीजवळ रडत होती. तुम्ही मला उठवलं, बाबासाहेबांच्या फोटोसमोर नेलं, फोटोवर हात ठेवला अन् म्हणाले, बाबासाहेबांची शपथ, तुझी आई बरी होईल. म्हणाले, बळवंत रामटेकेनं आजपर्यंत खोटी शपथ घेतली का?"

मला आठवलं. तिनं सांगेपर्यंत त्यातलं काही माझ्या डोक्यात नव्हतं, अन् तिनं सांगितल्याबरोबर सगळं आठवलं. पोर रडत होती. तिचं रडणं थांबत नव्हतं. मला ड्यूटीला जायचं होतं. जे तोंडात आलं ते बोललो. देवाची शपथ तर मी घेत नाही, म्हणून माझ्याजवळ जे सगळ्यात मोठं होतं त्याची घेतली.

"मला एकदम पक्कं वाटलं, बाबा. तुम्ही तर कधीच शपथ घेत नाही. मग मी विचार केला, आता बालाजीला जाणं मतलब तुमच्यावर भरोसा नाही. म्हणून त्या मंगळवारपासून गेलीच नाही. मग आई गेली. मला वाटते, गेली असती तर? मग वाटते, कुछ नहीं होता. मग फिरून वाटते." तिला धाप लागली होती, पण ती रडत नव्हती. "ईश्वर कोणत्या तोंडानं म्हणू? मीच त्याला सोडून दिलं. अन् धर्म म्हणू तर तुमची शपथ आठवते. तुम्हीच म्हटलं होतं, पक्कं नसलं तर गप्प राहावं. मी गप्प राहिली."

खिचडी खाली लागल्याचा वास येत होता. दोघांपैकी कोणी उठलं नाही.

मला तेव्हा सुटता आलं असतं. डॉक्टर चुकले, नशीब खोटं निघालं, मला काय माहीत होतं बाई, एवढं म्हटलं असतं तर तिनं ऐकलं असतं. पण समोर तो कागद पडला होता, अन् त्यात मी दुसऱ्या बाईवर खोटं लिहिलं होतं. एका दिवसात आणखी किती खोटं बोलणार?

"रत्ना," मी म्हणालो, "मला माहीत होतं."

"काय?"

"आई वाचणार नाही ते. डॉक्टरनं दिवाळीनंतरच सांगितलं होतं."

ती माझ्याकडे पाहत राहिली. "मतलब, शपथ घेतली तेव्हा पण?"

"हो."

मला वाटलं आता ओरडेल. मारलं असतं तरी मी खाली मान घालून मार खाल्ला असता. पण ती अगदी हळू आवाजात बोलली, जसं कोणाला हिशेब विचारायचा नाही, फक्त सांगायचं आहे.

"मला सांगितलं असतं तर मी शाळेत गेली नसती, बाबा. आईजवळ बसली असती. मार्चमध्ये माझी परीक्षा होती. आई आवाज द्यायची, रत्ना, ये ना, बस थोडी, काही बोल. मी म्हणायची, आई, अभ्यास आहे, तू बरी झाली की बोलू. रोज म्हणायची. मला वाटायचं, बरी होणारच आहे."

मग ती उठली अन् खिचडीचं पातेलं खाली उतरवलं. वरची वरची चांगली खिचडी माझ्या ताटात वाढली, करपलेली स्वतः घेतली. मी ताट बदलायला गेलो तर म्हणाली, "राहू द्या." मी रडलो. सुलोचना गेली तेव्हा चार लोकांत मी रडलो नव्हतो, त्या दिवशी ताटावर बसून रडलो. रत्ना जेवत होती.

तक्रार मी फाडली. दुसऱ्या दिवशी बनी पार्कात जाऊन जयंती मॅडमची हात जोडून माफी मागितली. त्यांनी मला आत बोलावलं, पण या वेळी चहा विचारला नाही, अन् ते बरोबरच होतं. म्हणाल्या, "बिल्ला मी ठेवलाय. तिला जेव्हा वाटेल तेव्हा, ती म्हणेल तो शब्द. कोणताच नको म्हणाली तरी मी वरच्यांशी बोलेन." मी घरी येऊन रत्नाला जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "हो बाबा." पण ती पुन्हा गाइडला गेली नाही. निळा ड्रेस धुऊन, घडी करून तिनं शाळेत देऊन टाकला, दुसऱ्या कोण्या पोरीला होईल म्हणून.

याला तीन वर्षं झाली. लोकांना वाटेल पोरगी बापावर रुसली असेल. तसं काही नाही. तिनं कधी मला उलट उत्तर दिलं नाही. मला ताप आला तर रात्र रात्र बसते. रविवारी मी वंदना म्हणतो तेव्हा शेजारी येऊन बसते, हात जोडते, ओठ मिटून असतात. बालाजीच्या रस्त्यानंही ती जात नाही, हे मला माहीत आहे. मी कशाचीच चौकशी करत नाही. माझ्या बापानं मला एका दिवसात कोणाचं व्हायचं ते सांगितलं होतं. माझ्या पोरीला मी कोणाचंच ठेवलं नाही.

मागच्या दिवाळीत आम्ही नागपूरला निघालो होतो. सवाई माधोपूरला उतरून मोठ्या लाइनची, ब्रॉडगेजची, गाडी धरावी लागते. मी रेल्वेचा माणूस, अठरा वर्षं याच रस्त्यानं येतो-जातो, अन् उतरल्याबरोबर ओळखीच्या गार्डला विचारून आलो होतो. रत्नाला म्हणालो, "गाडी वेळेवर आहे. इथंच येईल, या प्लॅटफॉर्मवर. बस."

"हो बाबा," ती म्हणाली. पिशवी माझ्या पायाशी ठेवली, ओढणी नीट केली, अन् चौकशीच्या खिडकीच्या रांगेत जाऊन उभी राहिली. पुढे सात-आठ माणसं होती. मी बाकावरून पाहत होतो. तिचा नंबर आला, तिनं वाकून विचारलं, आतल्या माणसानं सांगितलं, तेव्हा ती परत येऊन माझ्या शेजारी बसली.

गाडी वेळेवरच होती.